जवळचे नातेवाईक

रविवारी दुपारी सगळं घर कारखान्यात जमलं तेव्हा बसायला जागा कमी पडली नाही. हे नवलच होतं. काका जन्मभर खुर्च्या करत आले, पण त्यांच्या कारखान्यात बसायला म्हणून धड खुर्ची कधी मिळायची नाही. कुठलीला तरी एक पाय लागायचा असायचा, कुठलीचं पॉलिश ओलं असायचं. आज मात्र खुर्च्याच खुर्च्या होत्या, आणि त्याही रांगेत. विद्यापीठाच्या जुन्या सभागृहातल्या त्या सागवानी, उठलं की बैठक आपोआप मिटणाऱ्या खुर्च्या. उतरवून आणताना गोंधळ नको म्हणून काकांच्या मुलानं, दादानं, त्या होत्या तशाच ओळीनं मांडल्या होत्या. त्यामुळे घरची बैठक एखाद्या नाटकाला आल्यासारखी दिसत होती. फक्त समोर रंगमंचाच्या जागी रंध्याचं मशीन होतं.

छोटी दारातच थबकली. चाळिशी ओलांडली, केस पिकायला लागले, तरी घरात ती छोटीच होती. सकाळी काकूंनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, की दुपारी ये, बसायला छान खुर्च्या आल्यात. खुर्च्या कुठून आल्या ते सांगायची काकूंना गरज वाटली नव्हती. आता त्या समोर बघून छोटीनं त्या ओळखल्या. या खुर्च्या अजूनही विद्यापीठाच्याच होत्या. त्या इथं आहेत, हे फक्त विद्यापीठाला ठाऊक नव्हतं.

"या साहेब," दादा म्हणाला. "पहिल्या रांगेची तिकिटं संपली. मागे बसावं लागेल."

साहेब हे नवं होतं. छोटी विद्यापीठाच्या करार विभागात होती आणि तिला नुकताच सहीचा अधिकार मिळाला होता. विद्यापीठात बोलायला, शिकवायला आणि आश्वासनं द्यायला कोणालाही मुभा होती. पण विद्यापीठाच्या वतीनं करारावर सही करायची मुभा कुलगुरूंनी लेखी नेमलेल्या मोजक्याच लोकांना होती, आणि त्या मोजक्या लोकांत आता आपली छोटी आहे, याचं घराला फार कौतुक. कौतुक दाखवायची घरची पद्धत एकच, ती म्हणजे चेष्टा. छोटी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचते. दादानं मिक्सर आणला तेव्हा वॉरंटी वाचून झाल्याशिवाय तिनं खोकं फोडू दिलं नाही. तिनं लग्न केलं नाही, कारण तिच्या अटींवर सही करणारा भेटला नाही. हे सगळं दादा दर महिन्याला नव्यानं सांगायचा आणि दर महिन्याला सगळे नव्यानं हसायचे. छोटीही हसायची. आज तिला हसू फुटेना.

पहिल्या रांगेत मधोमध काका बसले होते, शेजारी काकू. त्याच रांगेच्या टोकाला काकांची मुलगी, ताई. आणि ताईचा नवरा थेट पाचव्या रांगेत, एकटाच. नवराबायकोत चार रांगांचं अंतर पाहून छोटीनं ओळखलं की भानगडीचं मूळ पाचव्या रांगेत आहे.

"भावोजी, काय केलंत?" तिनं विचारलं.

भावोजी विद्यापीठाच्या नाट्य विभागाचे प्रमुख होते. मनानं सरळ, उत्साही आणि घाईचे. त्यांनी सगळं सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज भरदार होता, कारण ते काहीही सांगताना त्यांचा आवाज भरदारच असायचा. सभागृहाच्या खुर्च्या खिळखिळ्या झाल्या होत्या. प्रयोगात नायिका हुंदका देणार तोच प्रेक्षागृहातून करकर आवाज यायचा आणि लोक हसायचे. दुरुस्तीचा विषय वर्षभर नुसता फिरत होता. शेवटी भावोजींनी स्वतःच करारनामा करून आणला. गुरुवारी रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी ‘विद्यापीठातर्फे' या शब्दाखाली सही ठोकली, समोर काकांनी केली, साक्षीदार म्हणून ताईनं केली, आणि शनिवारी दादा टेम्पो घेऊन हजर. पहारेकऱ्यानं अडवलं नाही, कारण विभागप्रमुख स्वतः एका खुर्चीचं टोक धरून चालत होते.

"आणि हे बेकायदा आहे असं तुम्हाला एकदाही वाटलं नाही?"

"वाटलं की," भावोजी म्हणाले. "पण म्हटलं, पुढे कागद तुझ्याच टेबलावर जायचाय. घरचीच सही. काम आज काय अन् महिन्यानं काय!"

ताईनं मान न वळवता सांगितलं, की मी तेव्हाच विचारलं होतं, छोटीला फोन करायचा का? तर हे म्हणाले, तिला सरप्राइज देऊ.

छोटीनं करारनामा मागितला. ती तो रंध्याच्या मशीनला टेकून, उभ्यानं वाचू लागली. सगळे गप्प बसले. घरात एवढी शांतता फक्त छोटी काही वाचत असली तरच असायची. पहिलं पान, दुसरं पान, मग पुन्हा पहिलं. शेवटी तिनं कागद उलटा करून कोरी बाजूही पाहिली, तेव्हा दादाला राहवेना.

"तिकडे काही नाहीये गं."

"नाही ना, तेच बघतेय," ती म्हणाली आणि भावोजींकडे वळली. "विभागप्रमुखाला विद्यापीठाच्या वतीनं सही करता येत नाही. त्यातून समोरची पार्टी तुमचे सासरे. साक्षीदार तुमची बायको."

"म्हणजे हा करारच नाही?"

"करार आहे. पण विद्यापीठाशी नाही. सही तुमची, म्हणून तो तुमच्याशी आहे. सभागृहातल्या खुर्च्या दुरुस्त करून घेण्याचं काम तुम्ही, स्वतः, तुमच्या जबाबदारीवर काकांना दिलंय."

आता मात्र ताई वळली. तिनं पाचव्या रांगेकडे असं पाहिलं की भावोजी बसल्या जागी थोडे खाली सरकले.

"अहो, आपल्या घरी पडद्याची दांडी महिन्यापासून लोंबतेय," ती म्हणाली. "ती लावून घ्यायला तुम्हाला सवड नव्हती."

दादा पोट धरून हसायला लागला. काकूंनीही पदर तोंडाला लावला. ताईलाही शेवटी हसू आलंच, पण तिनं ते खाली बघून संपवलं. काका तेवढे हसले नाहीत. ते हाताखालच्या खुर्चीच्या दांडीवरून अंगठा फिरवत होते.

"मग तू सही कर," ते छोटीला म्हणाले. "त्याची सही खोड, तुझी मांड. एवढं काय त्यात."

काकांचा सगळा जीव या खुर्च्यांत होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या वडिलांनी सभागृह नवं असताना त्या केल्या होत्या. काका आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे छोटीचे वडील, तेव्हा शाळकरी होते. दोघांनी मिळून पॉलिश घासलं होतं. डावीकडच्या रांगा थोरल्यानं, उजवीकडच्या धाकट्यानं. डावीकडच्या जास्त चमकतात असं काका अजूनही सांगायचे, आणि थोरल्या भावाबद्दल बोलताना त्यांचा आवाज अजूनही एक पायरी खाली यायचा. आता विद्यापीठात कुजबुज होती की या खुर्च्या भंगारात काढून पॅडवाल्या नव्या घ्याव्यात. काकांना काम मिळालं तर खुर्च्या वाचणार होत्या. नाहीतर काय होईल, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. छोटीलाही नाही.

"काका, मला नाही करता येणार," ती म्हणाली. "उद्या मी वर लिहून देईन की ही माझ्या घरची माणसं आहेत, आणि या कामापासून बाजूला होईन. मग फाइल भिंगसाहेबांकडे जाईल."

भिंगसाहेब म्हणजे तिच्या विभागातले दुसरे सहीवाले. त्यांना हे नाव छोटीनंच ठेवलं होतं आणि ते घरात सगळ्यांना पाठ होतं. हा गृहस्थ स्वल्पविरामाशीही ओळख काढून बोलायचा नाही. तो आणखी चार कारखान्यांना बोलावणार, प्रत्येकाचं काम पाहणार, नव्या खुर्च्या बऱ्या पडतात का तेही तपासणार. आणि मग ज्याला द्यायचं त्याला देणार.

"म्हणजे सहीवाली आमच्या घरात, आणि रांगेत उभे आम्ही?" दादा म्हणाला. त्याचं हसणं थांबलं होतं. तो आतापर्यंत मशीनपाशी छोटीच्या बाजूला उभा होता. आता चालत जाऊन दुसऱ्या रांगेत, बरोबर काकांच्या मागे बसला. "आणि खुर्च्यांचं काय करायचं?"

"आजच परत न्यायच्या. होत्या तिथं, होत्या तशा बसवायच्या. उद्या सकाळी झालेलं सगळं मी स्वतः सांगणार आहे."

यावर एकदम सगळे बोलू लागले. दादाचं म्हणणं, की आपण कोणाचं वाईट करत नाही. काम चोख होणार, लाकडाला लाकूड लागणार. ताईचं म्हणणं, की छोटीनं सगळं सांगितलं तर ह्यांच्या नोकरीचं काय? नवऱ्यावर रागावणं हा तिचा हक्क होता, पण त्याच्यावर दुसरं कोणी रागावणार म्हटल्यावर तिचा पक्ष बदलला. ती उठून चौथ्या रांगेत जाऊन बसली. भावोजींना एकदम बरं वाटलं. छोटी म्हणाली, बोलणी खावी लागतील, पण आपणहून सांगितलं तर तेवढ्यावर भागेल; दुसऱ्या कोणी काढलं तर नाही भागणार.

काकूंनी काकांना विचारलं, "अहो, आपल्याकडे खुर्ची पास कोण करतं?"

"हे काय मधेच?"

"सांगा तर."

खुर्ची पास काकू करायच्या. ज्यानं खुर्ची केली त्यानं तिच्यावर बसून बघायचं नाही, हा कारखान्याचा शिरस्ता काकांच्या वडिलांपासूनचा होता. आपण केलेल्या खुर्चीवर माणूस नकळत जपून टेकतो, आणि करकर ऐकू आली तरी आपली नव्हे म्हणतो. म्हणून काकू लग्न होऊन आल्या तेव्हापासून प्रत्येक खुर्चीवर धपकन बसत आल्या होत्या. काकूंचं वजन वाढत गेलं तसा कारखान्याचा दर्जा वाढत गेला, असं काका पाहुण्यांना सांगायचे आणि नंतर काकूंची बोलणी खायचे.

"मग पोरगी वेगळं काय म्हणतेय?" काकू म्हणाल्या. "तिला जपून बसायचं नाहीये."

काकांनी नुसतं ‘हं' केलं. पण ते ‘हं' नेहमीपेक्षा बरंच लांब होतं आणि छोटीला वाटलं की झालं, निभावलं.

तेवढ्यात पाचव्या रांगेतून भावोजींचा आवाज आला. "एक मिनिट."

ते मघापासून मोबाइलवर विद्यापीठाची नियमावली वाचत होते. भावोजी कामाला लागले की मन लावून लागत. फक्त सुरुवात नेहमी उशिरा. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी नियम खणखणीत वाचून दाखवला. जवळच्या नातेवाइकाशी होणाऱ्या करारावर अधिकाऱ्याला सही करता येणार नाही. जवळचे नातेवाईक म्हणजे पती किंवा पत्नी, आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, आणि पती किंवा पत्नीचे आईवडील.

"सासरे आहेत, म्हणजे मी अडकलो," भावोजी म्हणाले. "माझी सही फाडून टाका. मी खुशाल बोलणी खातो. पण काका कुठे आहेत यात? काका नाहीत. छोटीला सही करायला कुठलाही नियम आडवा येत नाही."

"चुलतभाऊ?" दादानं विचारलं.

"नाही."

"अरे वा!" दादा उठून उभा राहिला. त्याला खरोखरच आनंद झाला होता. "म्हणजे कायद्यानं आम्ही तुझे कोणीच नाही. सुटलीस की तू. कर सही."

काकाही हसले. आज पहिल्यांदाच. "बघ," ते म्हणाले, "उगाच जिवाला घोर. मी तुझा कोणी लागत नाही. लिहून देऊ का तसं?"

सगळे मोकळेपणानं हसले. छोटी हसली नाही. तो नियम तिला पाठ होता. कारखान्याच्या दारात पाऊल टाकलं तेव्हाच तिच्या डोक्यात तो उघडला होता, आणि त्यातली ती रिकामी जागाही तिला दिसली होती. तिथून ती सहज निघू शकत होती. कोणी हरकत घेतली नसती. खुर्च्या वाचल्या असत्या, काका खूश झाले असते, आणि दादानं हा किस्सा जन्मभर रंगवून सांगितला असता. त्यासाठी तिनं फक्त एक मान्य करायचं होतं, की समोर बसलेला हा माणूस आपला जवळचा नाही.

आईवडील गेले तेव्हा ती पाटी धरायच्या वयाची होती. तेव्हापासून ती या घरात होती. शाळेत नाव घालायला काका गेले, तापात उशाशी काका बसले, नोकरीच्या पहिल्या दिवशी विद्यापीठाच्या फाटकापर्यंत काका आले आणि ती आत दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले. ताई आणि दादा बाबा म्हणायचे, म्हणून तीही एकदा बाबा म्हणाली होती. काकांनी तिला जवळ घेऊन सांगितलं होतं, की बाबा तुझा एकच, माझा थोरला भाऊ. ती हाक त्याचीच राहू दे. मी काका. त्या दिवसापासून ती काका म्हणत आली, कारण काकांनी सांगितलेलं ती ऐकायची.

"काका," ती म्हणाली, "त्या यादीत काका नाहीत, हे मला माहीत आहे. पण वडील आहेत."

पाचव्या रांगेत भावोजी हळूच खाली बसले.

"मी उद्या लिहून देणार आहे की या कारखान्याचे मालक माझे वडील आहेत. ते लिहिल्यावर मला सही करता येत नाही. आणि ते न लिहिता मला सही करायची नाही. काम गेलं तर गेलं, मला त्याचं फार वाईट वाटेल. पण तुम्ही माझे कोणी नाही असं धरून मी कुठल्याच कागदावर नाव घालणार नाही. मला ते जमणार नाही."

दादा उभाच होता. त्याला आपण मघाशी काय बोललो ते आता कळत होतं, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि भुसा गेला म्हणाल्या. रविवार होता, सकाळपासून एकही मशीन चाललं नव्हतं.

काकांनी खुर्चीच्या दांडीवरचा अंगठा काढला. "पण ते चूक होईल ना," ते म्हणाले. आवाज एक पायरी खाली आला होता. "तुझ्या ऑफिसात तुझ्या बाबाचं नाव असेल. तो भिंग पकडेल तुला."

"पकडू दे. खाली खुलासा लिहीन."

"काय लिहिशील?"

"खरं ते."

काकांनी मान खाली घातली. ते खुर्च्यांकडे बघत होते की भावाशी मनात काही बोलत होते, ते छोटीला कळलं नाही. ते नाही म्हणाले असते तर ती काय करणार होती, हेही तिला ठाऊक नव्हतं. मग काकांनी खिशातून सुताराची चपटी पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं, ती परत खिशात ठेवली आणि ताईला म्हणाले, "हिला चांगलं पेन दे."

ताई चौथ्या रांगेतून उठून पुढे आली. तिनं पर्समधून पेन काढून दिलं. मग ती काकांच्या शेजारच्या खुर्चीपाशी आली, बसायला म्हणून वाकली, आणि न बसता एक जागा सोडून पलीकडे बसली.

"बस," ती छोटीला म्हणाली. "मला वाटणी करावी लागणार असं दिसतंय. पण पडद्याच्या दांडीचं काम माझ्याच बाबांकडे राहील, सांगून ठेवते."

छोटी बसली. मांडीवर फळी घेऊन तिनं लिहायला सुरुवात केली. एरवी दोन ओळींचा अर्जही तिला तीनदा खोडावा लागायचा. आज तिनं एका दमात लिहिलं. आधी आपण का बाजूला होत आहोत ते, मग करार कसा झाला, खुर्च्या कशा आल्या आणि आजच कशा परत जात आहेत ते. दादा मागून वाकून वाचत होता, पण त्यानं एकही शेरा मारला नाही. लिहून झाल्यावर तिनं खाली सही केली.

"वाच," काका म्हणाले.

तिनं सुरुवातीपासून वाचलं. आवाज फार मोठा निघाला नाही, पण कारखान्यात सगळ्यांना ऐकू गेला. "सदर कारखान्याचे मालक माझे वडील आहेत. खुलासा: नात्याने चुलते. मला लहानाचं मोठं त्यांनी केलं."

काकांनी दादाला टेम्पो दाराला लावायला सांगितलं. भावोजींना म्हणाले, खुर्ची उचलताना टोक धरायचं नसतं, बैठकीखाली हात घालायचा असतो, या, दाखवतो. काकूंना म्हणाले, स्क्रूचा डबा द्या. सगळे उठले, बैठकी एकामागून एक मिटत गेल्या, दादा किल्ली शोधायला धावला. काका मात्र सगळ्यांना कामाला लावून स्वतः जागचे हलले नव्हते.

"पुन्हा वाच," ते छोटीला म्हणाले.

"सगळं?"

"नाही. पहिली ओळ."